एका चौकोनाला एक्केचाळीस मिनिटं

१

लोकांना वाटतं, फिजिओथेरपिस्ट म्हणजे हातपाय चोळून देणारा माणूस. माझा अर्धा दिवस मात्र स्टॉपवॉच हातात धरून माणसं चालताना बघण्यात जातो. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आमचा वॉर्ड आहे. तिथे जमिनीवर दहा मीटरची पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. पेशंट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि मी सेकंद लिहून घेतो. धडधाकट माणूस आठ सेकंदांत पोचतो. चाळीसच्या आसपास गेलेल्या माणसाला एकट्याने रस्ता ओलांडायला देऊ नये, असं आम्ही नातेवाइकांना बजावतो.

बाबांची डावी बाजू लुळी पडली तेव्हा त्यांना मी माझ्याकडे आणलं आणि घरच्या पॅसेजमध्येही तशीच पट्टी चिकटवली, त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत. ताई म्हणाली, "घराचा पार दवाखाना करून टाकलास." ती लांब राहते, महिन्यातून एकदा येते. घरात आम्ही दोघंच. मी कामावर गेलो की दहा वाजता एक बाई सोबतीला येतात. त्याआधी, बरोबर नऊला, बाबा वॉकर धरून एक फेरी मारतात आणि दारापाशी पोचले की मला विचारतात, "काय डॉक्टर, पास की नापास?"

पंचाऐंशी सेकंदांपासून सुरुवात केली होती आम्ही. सहा महिन्यांत पन्नासच्या आत आलो. मला आयुष्यात दुसरं काही फार जमलेलं नाही, पण हे जमत होतं. बाबांनी कुणाचाही हात न धरता दारापर्यंत जावं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

दुसरा नाद म्हणजे फोनवरचा एक खेळ. चाळिशीतल्या माणसाने सांगू नये, पण आहे. मोठा नकाशा, त्यावर हजारो चौकोन, प्रत्येक खेळाडूचं एक गाव आणि गावाचं सैन्य. बाकीच्यांना त्यात लढाया दिसतात, मला दिसतो प्रवास. फौज पाठवली की ती खरोखर तासन्‌तास, दिवसेंदिवस चालत असते. घोडेस्वार एक चौकोन दहा मिनिटांत ओलांडतो, पायदळ अठरा मिनिटांत, आणि दगड फेकणारं यंत्र, जे सर्वांत जड, ते तीस मिनिटांत. सगळ्या फौजेचा वेग तिच्यातल्या सर्वांत संथ गड्याइतका. शंभर घोडे आणि एक यंत्र असेल तर घोड्यांनीही रखडायचं.

आपल्या गावावर फौज चालून येते तेव्हा ती कुठून निघाली आणि कधी पोचणार एवढंच दिसतं. आत काय आहे ते दिसत नाही. पण वेळेला अंतराने भागलं की एका चौकोनाला किती मिनिटं ते कळतं, आणि त्यावरून आतला सर्वांत संथ गडी कोण ते ओळखता येतं. आमच्या गटात चाळीस जण आहेत, एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. भागाकार माझ्याकडे येतो, म्हणून ते मला 'काटा' म्हणतात.

२

एका सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या गावाच्या यादीत एक नवी ओळ आली. फौज नकाशाच्या पार कोपऱ्यातून निघाली होती, सातशे चौकोन लांबून. पोचायला एकोणीस दिवस, बावीस तास.

मी भागाकार केला. एका चौकोनाला एक्केचाळीस मिनिटं.

पुन्हा केला. एक्केचाळीसच. खेळात तीसपेक्षा संथ काहीच नाही. निघाली होती तो चौकोन उघडून पाहिला तर तिथे गावही नव्हतं. नुसती मोकळी जमीन.

आमच्या गटात 'टपाल' नावाचा एकजण आहे. निरोप इकडचे तिकडे पोचवायची त्याला भारी हौस. त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "बिघाड असेल रे. वीस दिवसांनी येणाऱ्या पाहुण्याची आत्तापासून कसली काळजी?"

मलाही ते पटलं. गुरुवारी पुन्हा पाहिलं. तीन दिवस उलटले होते, म्हणजे सोळा दिवस बावीस तास राहायला हवे होते. यादीत पंधरा दिवस सतरा तास होते. एकोणतीस तास कुठेतरी गळाले होते.

हे मात्र मला पटेना. एकदा निघालेल्या फौजेचा वेग बदलत नाही. निघताना जो ठरला तो ठरला. त्या खेळातली ही एकच गोष्ट अशी होती जिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचो. उरलेले चौकोन मोजून मी नवा भागाकार केला. एका चौकोनाला अडतीस मिनिटं. रस्त्यात असतानाच त्या फौजेचा वेग वाढला होता.

३

बाबांच्या सेकंदांची वही आणि माझ्या खेळाच्या आकडेमोडीची वही एकच. पुढून बाबा, मागून खेळ. त्या संध्याकाळी हा नवा भागाकार उतरवायला वही उघडली. सकाळी बाबांना अडतीस सेकंद लागले होते. चाळीसच्या खाली पहिल्यांदाच गेले होते, म्हणून मी आकड्याभोवती गोल केला होता. सोमवारचा आकडा पाहिला. एक्केचाळीस.

मी वही मिटली आणि स्वतःवर हसलो. दिवसभर आकड्यांत डोकं घालणाऱ्याला आकडे कुठेही भेटतात. आमच्या वॉर्डात एक्केचाळीस नंबरची कॉट आहे आणि माझ्या बुटाचाही नंबर एक्केचाळीसच आहे. म्हणून बूट काही माझ्यावर चालून येत नाहीत.

तरी शुक्रवारी सकाळी मी बाबांना म्हणालो, "आज जरा दमानं घ्या. घाई करू नका."

"कालच तर म्हणालास, छान वेग आलाय."

"आज श्वासाकडे लक्ष द्यायचंय."

बाबांनी ऐकलं. ते माझं नेहमीच ऐकतात. माझ्या या धंद्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. दाराशी पोचायला शेहेचाळीस सेकंद लागले. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि फोन उघडला. वेळ तीन दिवसांनी वाढली होती. भागाकार करायची गरज नव्हती, तरी केला. शेहेचाळीस.

बाहेर बाबा विचारत होते, "काय डॉक्टर, पास की नापास?" मी नळ सोडला. घाबरलो होतो मी, दुसरा शब्द नाही त्याला. बाबा जितके बरे होतील तितकं ते लवकर पोचणार होतं. कोण येतंय ते मला ठाऊक नव्हतं, पण माझ्या घरात माझ्याशिवाय एकच माणूस होता.

४

त्यानंतर मी पॅसेज ऐकायला लागलो.

बाबांच्या चालण्याला ठरलेला आवाज आहे. आधी वॉकर टेकल्याचा ठक, मग डावा पाय जमिनीवरून ओढल्याचा, मग उजव्याचं पाऊल. मध्ये कपाट आहे, तिथे थांबून ते श्वास घेतात. ठक, ओढ, पाऊल. ठक, ओढ, पाऊल. थांबा.

आणि थांबल्यानंतर आणखी एक पाऊल.

पहिल्या दिवशी मला वाटलं, भास झाला. दुसऱ्या दिवशी वाटलं, खालच्या मजल्यावर कुणी चालत असेल. रबरी चपलेचा, जड माणसाचा आवाज होता तो. मग जिने उतरून मी खालच्यांकडे विचारायला गेलो. ते आठ दिवसांपासून गावाला गेले होते, असं त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं. फरशी सैल असेल म्हणून मी दुपारभर गुडघ्यांवर बसून एकेक फरशी ठोकून पाहिली. सगळ्या घट्ट होत्या.

तिसऱ्या दिवशी नीट ऐकलं. एक पाऊल नव्हतं ते. रांगेत चालणारी माणसं पुढचा थांबला की जशी मागोमाग थांबतात तसं होतं. एक, मग दुसरं, मग दोन जवळजवळ एकदम.

"ऐकलंत का काही?" मी विचारलं.

बाबा कपाटाला टेकून उभे होते. "काय?"

"काही नाही."

"मग वेळ का थांबवलीस? मी अजून पोचलो नाही."

५

आता मी काय केलं ते सांगतो.

वॉकरच्या पायांना भोकं असतात. बटण दाबून पाय वरखाली सरकवला की ते टक्‌ करून पुढच्या भोकात बसतं. माणसाच्या मनगटाच्या उंचीला दांडा आला की वॉकर बरोबर. मी चारही पाय एकेक भोक खाली घेतले. अडीच सेंटिमीटर. बघणाऱ्याला कळणारही नाही, पण चालणारा पुढे वाकतो, त्याची पाठ भरून येते आणि पाऊल आखडतं.

मग खुर्चीतून उठबस करायचा व्यायाम वीसवरून पाचवर आणला. "आरामही औषधच असतं," असं तोंड वर करून सांगितलं. ज्या गोष्टींसाठी वॉर्डात नातेवाइकांना झापतो त्या एकेक करून मी स्वतःच्या बापाशी केल्या. सेकंद वाढत गेले. बावन्न, साठ, एकाहत्तर. फोनवरची वेळ लांबत गेली, आणि प्रत्येक वाढलेल्या सेकंदाला मला सुटल्यासारखं वाटायचं. याची मला आजही लाज वाटते.

रविवारी ताई आली. जाताना दाराशी माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "अरे, बाबा किती उतरलेत. मागच्या वेळी मला सोडायला दारापर्यंत आले होते. आज खुर्चीतून उठलेही नाहीत."

"वय झालंय ताई."

"एका महिन्यात?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तू दमलायस का? खरं सांग. मी नेऊ का त्यांना थोडे दिवस?"

मी नको म्हणालो. ती नेईल तिथे फौज येणार नाही याची काय खात्री होती? निदान इथे मला वेळ तरी दिसत होती.

दोन आठवडे गेले. बाबा नव्वद सेकंदांवर आले, म्हणजे आम्ही सुरुवात केली होती त्याहूनही मागे. यादीत चौदा दिवस उरले होते.

६

मंगळवारी दुपारी टपालचा निरोप आला. मी त्याला रोज त्या ओळीचा फोटो पाठवत होतो आणि तो बिचारा रोज काहीतरी थट्टा करून मला शांत करत होता. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"काटा, तू चिन्ह बघितलंस का कधी?"

"कसलं?"

"ओळीच्या सुरुवातीचं. हल्ला असेल तर तलवार असते. तुझ्या ओळीला ढाल आहे. कुमक येतेय तुला, मदत. हल्ला नाहीच हा."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. ढाल होती. पहिल्या दिवसापासून असणार. आलेल्या फौजेची वेळ बघायची आणि भागायचं, एवढीच सवय लागलेला माणूस मी. चिन्हाकडे माझी नजर गेलीच नव्हती.

टपालने पुढे विचारलं होतं, "पण मागितल्याशिवाय कुणी कुमक पाठवत नाही. तू कुणाकडे मागितली होतीस?"

त्या दिवशी लवकर घरी गेलो. बाईंना घरी पाठवलं. बाबा पलंगावर बसले होते, समोर वॉकर आडवा पडला होता आणि त्यांचा उजवा हात त्याच्या पायावरून फिरत होता.

"हे एक भोक खाली कधी गेलं?" त्यांनी विचारलं.

"सैल झालं असेल."

"चारही?" बाबांचा आवाज चढला नाही. "अरे, तीस वर्षं पाइपलाइनवर काढली मी. व्हॉल्व्हचा एक आटा कमी फिरला तरी हाताला कळायचं. मला वाटत होतं, माझंच शरीर साथ देत नाहीये. दोन आठवडे मी स्वतःला शिव्या घालतोय. कशाला ओढतोस मला मागे?"

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फौज, मिनिटं, वही, पॅसेजमधली पावलं. सांगताना मला माझंच ऐकून वेड्यासारखं वाटत होतं. बाबा हसतील असं वाटलं होतं. हसले असते तर किती बरं झालं असतं.

"किती जण आहेत ते दिसतं का त्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चौघं असतील." जेवायला किती जण येणार ते सांगावं, इतक्या सहज म्हणाले.

बाबा पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनवर गस्तीला होते. पाच जणांची टोळी, रोज पायी, गळती शोधत. त्यातला शेवटचा साथीदार जाऊनही दोन वर्षं झाली होती.

"बाबा, ते सगळे गेले."

"मला सांगतोस? चौघांनाही पोचवून आलो मी." मग माझ्या पाठीकडे बोट दाखवून म्हणाले, "तू एकटा किती दिवस उचलणार मला? सकाळी मला बसतं करताना तुझी कंबर कशी धरते ते दिसतं मला. एकदा बसल्या बसल्या म्हटलं, या रे कुणीतरी, हात लावा. एवढंच."

"मग मी तेच तर लांबवत होतो! तुम्हाला न्यायला येतायत ते."

"येतायत. पण माझ्या मागून येतायत. मी चालत होतो ना त्यांच्या पुढे. आमच्यात मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नसतं. मी बरा होत होतो तसे येत होते. घाई कुणालाच नव्हती."

मी विचारलं, "आणि तुम्ही चाललाच नाहीत तर?"

"तर मग कुणासाठी थांबायचं त्यांनी?" बाबा म्हणाले.

मी तिथेच, त्यांच्यासमोर, वॉकरचे चारही पाय परत वर घेतले.

७

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाबा खुर्चीत बसले होते. पॅसेजमध्ये लख्ख ऊन होतं, पिवळी पट्टी दारापर्यंत दिसत होती. मी वॉकर समोर ठेवला. त्यांनी दांडे धरले, पुढे झुकले, जोर लावला आणि परत खुर्चीत बसले.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मांड्या थरथरल्या आणि त्यांनी हात सोडून दिले. "नाही होत रे," ते म्हणाले. त्या मांड्यांना दोन आठवडे मीच बसवून ठेवलं होतं. काय झालंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी फोन पाहिला. काल चौदा दिवस होते. आता नऊ मिनिटं होती.

एकच उपाय होता. बाबांनी उभं राहायचं आणि एक पाऊल टाकायचं. एक पाऊल पडलं तरी ते पुन्हा त्यांच्या मागे येतील, त्यांच्या वेगाने, आणि आम्हाला आमचे दिवस परत मिळतील. मी डाव्या बाजूला गेलो, त्यांच्या काखेत हात घातला. "एक, दोन, तीन." बहात्तर किलो. ते खुर्चीवरून वीतभर उचलले गेले आणि माझी कंबर धरली. असा माणूस उठवायला दोघं लागतात, हे आमच्या वॉर्डात पहिल्या दिवशी शिकवतात. मी शेजारच्यांची बेल वाजवून आलो. कुणी उघडलं नाही. बाई दहाला येणार होत्या.

सहा मिनिटं. पुन्हा धरलं, पुन्हा बसले. "बाबा, जोर लावा. माझ्यासाठी लावा."

"लावतोय रे."

तीन मिनिटं. बाहेरच्या दाराची कडी आतून लागलेली होती, ती मी डोळ्यांनी पाहत होतो. आवाज त्या दाराच्या अलीकडून सुरू झाला. रबरी चपला, भरभर. वॉकर नाही, ओढलेला पाय नाही. पट्टीवरचं ऊन होतं तसंच होतं, त्यात काहीही हललं नाही. पावलं कपाटापाशी आली तरी थांबली नाहीत. खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली; एक, मग दुसरं, मग दोन जवळजवळ एकदम.

मी मान वर केली नाही. बाबांच्या काखेत हात घातला, डोळे त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणालो, "एक. दोन."

तीन म्हणायच्या आत बाबा उठले.

माझ्या वाट्याला अर्धंच वजन आलं. पंधरा वर्षं मी दोघांनी मिळून माणसं उठवतोय. पलीकडे कुणी धरलंय की नाही ते बघावं लागत नाही, खांद्याला कळतं. पलीकडचा सवयीचा होता. त्याने घाई केली नाही, झटका दिला नाही, माझ्या बरोबरीने उचललं. मी फक्त एकदा तिरक्या नजरेने पाहिलं. बाबांच्या उजव्या काखेखाली शर्ट दाबला गेला होता, आणि त्यावर चार घड्या पडल्या होत्या, बोटांच्या अंतरावर.

बाबा सरळ उभे होते. आजारी पडल्यापासून मी त्यांना असं उभं पाहिलं नव्हतं. ते माझ्याहून उंच आहेत हे मी विसरूनच गेलो होतो.

"सोड आता," ते म्हणाले. "धरलंय त्यांनी."

आमच्या कामात दोघांपैकी एकाला सोडायचं असेल तर त्याने आधी तोंडाने सांगायचं असतं. मी तोंड उघडलं. बाबा वाट बघत होते. उजवीकडेही कुणीतरी वाट बघत होतं, मला ते माझ्या हातात जाणवत होतं.

"नाही सोडणार," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, आणि कामावरच्या माणसांशी बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "मग जरा सावकाश घ्या रे. पोरगा बरोबर येतोय."